सत्त्याऐंशी टक्के भांबुर्डा

पेणला रामवाडीत 'शुभांगण' नावाची सोसायटी आहे. तिच्या मागच्या मोकळ्या प्लॉटमध्ये नेमकं काय बोकाळलंय हे शास्त्रशुद्ध पद्धतीने ठरवल्याशिवाय आपण त्याला हात लावणार नाही, असं नीलकंठ देवधर सरांनी सेक्रेटरी झाल्याच्या तिसऱ्याच दिवशी जाहीर केलं. आता तिथे काय बोकाळलंय हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. भांबुर्डा. दिवाळी सरली की पेणपासून रोह्यापर्यंत बांधावर, कुंपणाशी, जिथे बोटभर माती मोकळी सापडेल तिथे हे उग्र वासाचं झाड उगवतं आणि गुडघाभर वाढतं. त्याला कोणी लावत नाही, पाणी घालत नाही, की त्याची चौकशीही करत नाही. पण एकोणचाळीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या माणसाला 'दिसतंय ना' हा पुरावा चालत नाही.

प्लॉट साफ करण्यामागे कारण मात्र घरगुती होतं. सरांच्या बायकोला, श्यामलाबाईंना, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी साठ वर्षं पूर्ण होत होती. त्यांचं माहेर रोह्याचं. तिथे त्यांचे थोरले भाऊ दत्तात्रेय, म्हणजे दत्तूदादा, राहतात. या दत्तूदादांनी सहा वर्षांत पेणची पायरी चढली नव्हती. झालं होतं असं, की दादा धाटावच्या कंपनीतून निवृत्त झाले तेव्हा घरी मोठा समारंभ होता. भाषणात त्यांनी लहानपणी वाडीत काठीने बिबट्या हुसकावल्याची गोष्ट सांगितली. सगळे टाळ्या वाजवत होते आणि आमचे सर उभे राहून म्हणाले, की शेपटीच्या वर्णनावरून ते रानमांजर असावं. साहेब हसले, कामगार हसले, दादांचे व्याहीसुद्धा हसले. दुसऱ्या दिवशी दादांनी कुटुंबाचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला आणि त्यानंतर व्हॉट्सॲपच सोडलं.

सरांचं म्हणणं एवढंच, की चूक दिसली तर ती सांगायची नाही का? श्यामलाबाई दर भाऊबीजेला एक ताम्हन घासून ठेवत आणि संध्याकाळी परत कपाटात ठेवत. यंदा मात्र त्यांनी स्वतः फोन केला. दादा म्हणाले, "पोपटी करणार असशील तर येतो." श्यामलाबाई फोन ठेवून स्वयंपाकघरात गेल्या आणि जरा वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या. हे सरांनी पाहिलं. माणूस तिरसट आहे, दगड नाही. पोपटीचं मडकं उघड्यावर जाळ करून लावतात, तेव्हा जागा मागच्या प्लॉटचीच. तो असा चकाचक करायचा की दत्तूदादा बघत राहिले पाहिजेत, असं त्यांनी त्याच क्षणी ठरवलं.

तर सर्वेक्षण. सरांनी प्लास्टिकच्या नळ्यांची एक मीटरची चौकट केली. डोळे मिटून ती प्लॉटमध्ये भिरकावायची आणि जिथे पडेल तिथली झाडं मोजायची, अशी ती पद्धत. वीस वेळा चौकट भिरकावली. त्यातली एकदा ती हैबतरावांच्या गळ्यात पडली. हैबतराव हे दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हवालदार, सकाळचे दात घासायला तिथे उभे राहतात. नियमाप्रमाणे सरांनी त्याही चौकटीतली नोंद 'वनस्पती शून्य' अशी केली. हैबतरावांना ती नोंद आवडली नाही आणि पुढचे आठ दिवस ते सरांना जिन्यात वाट देईनासे झाले.

अहवाल नोटीस बोर्डावर लागला. चार पानी, तक्त्यासकट. प्लॉटमध्ये एकूण झाडं अंदाजे चार हजार तीनशे बारा आणि त्यात भांबुर्डा सत्त्याऐंशी टक्के. तळमजल्यावरच्या शांतीताई म्हणाल्या, हे तर मी दिवाळीपासून शिंकून शिंकून सांगतेय. कोणी म्हणालं तिथे हिरवळ लावा, कोणी म्हणालं फरशी टाका, आणि हैबतराव म्हणाले, आधी परवानगी घ्या, उद्या कोणी तक्रार केली तर सेक्रेटरी आत जातो. आत म्हणजे कुठे ते त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही.

परवानगीसाठी सर एका कचेरीत गेले. कोणत्या ते लिहीत नाही, आम्हालाही याच तालुक्यात दाखले काढायचे असतात. तिथे कमळाकर नावाचे गृहस्थ टेबलाशी होते. त्यांनी सांगितलं, गवत काढायचा फॉर्म नाही, झाडं तोडायचा आहे, तो भरा. फॉर्ममध्ये जात, बुंध्याचा घेर, उंची, सगळं होतं. सरांनी जातीच्या रकान्यात लॅटिन नाव घातलं, घेर 'करंगळीएवढा' असा लिहिला, आणि 'फांद्यांवर घरटी आहेत काय' या प्रश्नाला 'घरटी नाहीत, एका ठिकाणी नाकतोडा आढळला' असं प्रामाणिक उत्तर दिलं. कमळाकरांनी आकडा वाचला. मग थंडपणे सांगितलं, की प्रत्येक झाडाला चुन्याने नंबर घालावा लागेल, आणि एका झाडामागे दोन या हिशोबाने आठ हजार सहाशे चोवीस रोपं लावल्याचे फोटो जोडावे लागतील.

सर खरोखर चुना कुठे मिळेल ते विचारायला लागले तेव्हा कमळाकरांना राहवलं नाही. ते खुर्ची पुढे सरकवून हळूच म्हणाले, सर, मी तुमच्या आठवी-ब मधला, घरी जा आणि उपटून टाका, कोणी बघत नाही. सरांना हे फार लागलं. आपला विद्यार्थी आपल्याला बेकायदा सल्ला देतो हे एक, आणि तो मिशा राखल्यामुळे आपल्याला ओळखू आला नाही हे दुसरं. पण रविवार जवळ येत होता, तेव्हा सल्ला त्यांनी घेतला.

तीन दिवस उपटणी चालली. कापून नव्हे, मुळासकट, कारण कापलेला परत फुटतो असं सरांनी सर्वांना तीन वेळा समजावलं. दुसऱ्या दिवशी हौसा आली. हौसा खाडीकडच्या गावातली, तिच्या घरचं मिठागरावरचं काम. थंडीत ती जाडं मीठ आणि वालाच्या शेंगा घेऊन रामवाडीत फिरते आणि श्यामलाबाईंची तिच्याशी पंचवीस वर्षांची ओळख. तिने टोपली उतरवली, ढीग पाहिला आणि विचारलं, "मास्तर, भाऊ येनार हाय ना बाईंचा? पोपटीला ठेवलाव का थोडा?"

पोपटी म्हणजे काय हे रायगडाबाहेरच्या वाचकांसाठी सांगून टाकतो. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर ओवा आणि जाडं मीठ चोळलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, आणि तोंडाशी परत पाला ठासून भरायचा. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं करून भोवती जाळ लावायचा. सगळी वाफ आणि सगळा वास त्या पाल्याचा. भांबुर्ड्याशिवाय पोपटी केली तर त्याला भाजलेल्या शेंगा म्हणतात आणि रोह्याचा माणूस त्यासाठी उंबरा ओलांडत नाही.

सर हौसाला म्हणाले, अगं, जी वस्तू सत्त्याऐंशी टक्के आहे ती राखून ठेवायची नसते, ती असतेच. हौसा म्हणाली, व्हय, ऱ्हातेच, आणि टोपली उचलून गेली. ढिगाला त्या दिवशी काडी लागली.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण स्वच्छ प्लॉटमध्ये स्वतःचा फोटो काढून सरांनी एक संदेश तयार केला. 'भांबुर्डामुक्त रामवाडी. उठा, उपटा.' त्यात भांबुर्ड्याने शिंका, डास आणि साप कसे वाढतात ते होतं. सापांचं खरं तर हैबतरावांनी घालायला लावलं. हा संदेश जो सुटला, तो सुटला. शेजारची सोसायटी उठली, तिने उपटला. पलीकडच्या शाळेने श्रमदान केलं आणि सरांना शाल-नारळ देऊन बोलावलं. चार दिवसांत तीन सत्कार झाले. आयुष्यभर खडूने बोटं पांढरी केली, एका गवताने नाव झालं, असं सर रात्री जेवताना समाधानाने म्हणाले.

शनिवारी सकाळी श्यामलाबाईंनी मडकं धुऊन उन्हात ठेवलं. शेंगा निवडल्या, ओवा काढला आणि विचारलं, "अहो, भांबुर्डा कुठे ठेवलाय?"

सर म्हणाले, "आणतो." आणि स्कूटर काढली.

रामवाडीत भांबुर्डा नव्हता. शाळेमागे नव्हता. जिथे जिथे सरांच्या गळ्यात हार पडले होते तिथे तिथे मोठ्या निष्ठेने उपटलेला होता. एका जागी तर पाटी होती, 'प्रेरणा : देवधर सर'. सर पाटीखाली जरा उभे राहिले. मग हायवेला लागून गडब गावात गेले. भाताची शेतं कापून झालेली, बांधांवर चिक्कार असायचा. एका दुकानापुढे बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, रग्गड होता की, पण पेणच्या कुणा मास्तरचा मेसेज आला, साप होतात म्हणून, पोरांनी परवा सगळा फवारला. जो उरला तो मुंबईवाले काल पोपटीसाठी दोन गाड्या भरून घेऊन गेले. त्याने मोबाइल काढून मेसेज दाखवला. वर सरांचाच फोटो होता, पण हेल्मेट असल्याने म्हाताऱ्याला साम्य कळलं नाही. सरांनी हेल्मेट काढलं नाही. नागोठण्यापर्यंत चार ठिकाणी विचारलं, चारही ठिकाणी त्यांच्याआधी त्यांचा मेसेज पोचला होता.

संध्याकाळी सर हात हलवत घरी आले. उद्या मिळेल म्हणाले. श्यामलाबाईंनी धुतलेलं मडकं उचलून आत आणलं आणि फडक्याने पुन्हा एकदा पुसलं. ही बाई आता चिडणार नाही, उद्या भावाला फोन करून सांगेल की येऊ नकोस, आणि ताम्हन कपाटात ठेवेल, हे सरांना त्या पुसण्यातच लख्ख दिसलं.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांनी शास्त्रीय विचार केला. भांबुर्डा कुठे उरला असेल? जिथे आपला मेसेज पोचलेला नाही तिथे. मेसेज कुठे पोचला नसेल? जिथे व्हॉट्सॲप नाही तिथे. असा माणूस पेण ते रोहा या पट्ट्यात त्यांना एकच माहीत होता.

रविवारी सकाळी नऊच्या सुमाराला नीलकंठ देवधर, वय पासष्ट, तीन सत्कारांचे मानकरी, हे रोह्याच्या बाहेर धाटावच्या बाजूला असलेल्या आपल्या मेव्हण्याच्या वाडीच्या काटेरी तारेवर लटकलेले होते. एक पाय आत, एक पाय बाहेर. आत भांबुर्डा असा माजलेला की विळा घातला असता तर दोन मिनिटांत पोतं भरलं असतं. पण पँट तारेत अडकली होती आणि विळा आतल्या बाजूला पडला होता. रस्त्याने कंपनीची बस गेली आणि खिडक्यांतून कामगारांनी आस्थेने पाहिलं. त्यातल्या एकाने हातही केला.

"कोण आहे रे तिकडे?" वाडीच्या आतून आवाज आला.

"मी आहे."

"मी म्हणजे कोण?"

"नीलकंठ," सर म्हणाले. मग एवढं पुरेसं नाही असं वाटून म्हणाले, "शामूचा."

दत्तूदादा काठी घेऊन आले. तीच काठी की दुसरी, हे विचारायचं सरांच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण तार फार वाईट जागी रुतली होती. दादांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं. तार पाहिली, विळा पाहिला, पोतं पाहिलं. सरांनी मग काही लपवलं नाही. प्लॉट, चौकट, सत्त्याऐंशी टक्के, सत्कार, गडबचा म्हातारा, सगळं तारेवरूनच सांगितलं. कालच्या मडक्याचंही सांगितलं. दादांचा चेहरा हलला नाही.

"सहा वर्षं दाराकडे बघतोय, नीलकंठराव," ते शेवटी म्हणाले. "आणि तुम्ही आलात ते कुंपणावरून."

यावर सरांना पहिल्यांदाच काही दुरुस्ती सुचली नाही. ते म्हणाले, "चुकलं माझं. त्या दिवशीसुद्धा." आणि मग, स्वभावाला औषध नाही, पुढे म्हणाले, "म्हणजे त्या काळी इथे बिबटे होते, ही शक्यता नाकारता येत नाही."

दादा काठी टेकून इतके हसले की त्यांना ठसका लागला. एवढं पुरे, एवढं पुरे, म्हणत त्यांनी तारेतून पँट सोडवली. म्हणजे बरीचशी सोडवली, थोडी तारेवरच राहिली. मग चहा झाला, पोहे झाले, वहिनींनी धोतर काढून दिलं. भांबुर्डा दादांनी स्वतः कापला, कोवळा बघून, देठं काढून, जणू सोनं तोलतायत. वहिनी आणि मुलं मागून गाडीने येणार होती, पण दादांना धीर निघेना. पोतं छातीशी धरून ते सरांच्या मागे स्कूटरवर बसले. सेहेचाळीस किलोमीटर, खड्डे वेगळे. नागोठण्याच्या पुढे सर धोतर सांभाळत होते आणि दादा पोतं सांभाळत होते, आणि दोघेही एकमेकांवर ओरडत होते की नीट बसा.

श्यामलाबाई फाटकाशीच होत्या. त्यांनी नवऱ्याच्या अंगावरचं धोतर पाहिलं, मागचा भाऊ पाहिला. मग त्या दादांच्या हातातलं पोतं घेत म्हणाल्या, "केवढा वास येतोय दादा तुझ्या अंगाला," आणि पोत्यातच तोंड घालून रडल्या. दादा त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले आणि सरांना सांगत राहिले की धोतर सुटलंय.

उन्हं उतरल्यावर प्लॉटमध्ये पोपटी लागली. सगळी सोसायटी जमली. शांतीताईंनी भांबुर्ड्याचा वास दुरून घेतला, तीन वेळा शिंकल्या आणि म्हणाल्या, वास मात्र झकास आहे हो. मडकं किती भरावं यावर दोन मतं होती, जाळ किती लावावा यावर सात. हौसाला मानाने पाटावर बसवलं होतं. तिने मडक्यावर पाण्याचा हात शिंपडला, आवाज ऐकला आणि सांगितलं, अजून नाय झाली, धा मिन्टं. पण हैबतरावांना भूक लागली होती आणि चौकटीचा राग अजून गेलेला नव्हता. त्यांनी बांबूने मडकं ओढलं आणि केळीच्या पानांवर रिकामं केलं. वाफेचा लोट उठला, भांबुर्ड्याचा, ओव्याचा, धुराचा, आणि पोरं टाळ्या पिटायला लागली. हौसाने कपाळाला हात लावला, पण त्या गोंधळात कोणाचं लक्ष नव्हतं.

पहिली शेंग श्यामलाबाईंनी स्वतः सोलली आणि भावाच्या तोंडात दाणे घातले. दुसरी नवऱ्याच्या हातावर दिली.

सरांनी दाणा चावला. दाणा कच्चा होता. थोडा नव्हे, चांगला करकरीत कच्चा, शेतातून आत्ता काढल्यासारखा. सरांनी दादांकडे पाहिलं. दादांचा जबडा गिरणीसारखा सावकाश फिरत होता.

"अहो," श्यामलाबाईंनी विचारलं, "शिजलेत ना?"

सोसायटीतल्या प्रत्येक माणसाला ठाऊक होतं, की हा प्रश्न या गृहस्थांना विचारायचा नसतो. एकोणचाळीस वर्षं ज्याने एकाही वहीतली चूक लाल रेघेवाचून सोडली नाही, तो माणूस हातात शेंग धरून उभा होता. त्यांनी तोंडातला दाणा तसाच कच्चा गिळला.

"लोण्यासारखे," सर म्हणाले.

दत्तूदादांनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग पान पुढे सरकवलं आणि म्हणाले, "मला अजून वाढ गं शामू." आणि सरांच्या शेजारी मांडी घालून बसले. दोघेही भराभर खायला लागले. श्यामलाबाईंनी सगळ्यांना वाढून झाल्यावर एक दाणा स्वतःच्या तोंडात टाकला, चावला, आणि जागच्या जागी थांबल्या. पस्तीस वर्षांच्या संसारात नवरा पहिल्यांदा खोटं बोलला होता, आणि ते त्यांच्यासाठी. त्या मुकाट्याने त्या दोघांच्या समोर बसल्या आणि दुसरी शेंग सोलायला घेतली.